मायलोची भट्टी

वेंडेल हौगेन दुपारपासून ट्रेलरच्या जमिनीवर पालथा पडला होता. सत्तरीच्या माणसाला पालथं पडायला काही लागत नाही, उठायला मात्र दोन गोष्टी लागतात: एक टेबलाचा पाय आणि एक शिवी. आर्डिसला शिव्या खपत नसत, म्हणून बिचारा नुसत्या टेबलाच्या पायावर भागवत होता.

"पेटली?" आर्डिसने बाहेरून विचारलं. ती पायरीखाली उभी होती. अंगात दोन स्वेटर, त्यांच्यावर पहिल्या नवऱ्याचा, मायलोचा, नारिंगी शिकारी कोट आणि कानांच्या खाली ओढलेली लोकरीची टोपी. वेंडेलने लायटर हातात घेतला की ती बाहेर जाऊन उभी राहायची.

"पेटेल."

"हे तू जेवणाआधीही म्हणाला होतास."

"मग जेवणानंतरही म्हणतो. शब्द फिरवणाऱ्यातला मी नाही."

रेड नदीच्या खोऱ्यात साखरबीट निघायला लागलं की निवृत्त झालेली सगळी जोडपी आपापले ट्रेलर, म्हणजे चाकांवरची घरं, ओढत येतात, शेताकडेच्या मैदानात ओळीने लावतात आणि बीटच्या ढिगाऱ्यावर पाळ्या करतात. कोणी ट्रकवाल्यांना हात दाखवतं, कोणी यंत्राखालची माती खरवडतं. पण यंदा ऑक्टोबरातच असा काही दणकून गारठा पडला की काम बंद ठेवावं लागलं. गोठलेलं बीट ढिगात गेलं की अख्खा ढीग सडतो. मग काय, सगळं मैदान ट्रेलरांत जाऊन बसलं, सगळ्यांनी एकाच वेळी विजेचे हीटर लावले आणि मैदानाच्या टोकाचा ट्रान्सफॉर्मर एक मोठा ठो करून गप्प झाला. वीजवाला येऊन बघून गेला, डोकं खाजवलं, म्हणाला, उद्या.

उद्यापर्यंत शून्याच्या कितीतरी खाली जाणार होतं. ज्यांच्या ट्रेलरात खोली तापवणारी गॅसची भट्टी चालू होती ते निर्धास्त होते. आर्डिसच्या ट्रेलरातही भट्टी होती, कपाटाच्या खाली, पत्र्याच्या झाकणामागे. ती पेटत नव्हती.

बरं, नुसत्या थंडीचा प्रश्न असता तरी वेंडेलने दात कुडकुडवत रात्र काढली असती. जन्मभर गोठ्यात पहाटे दूध काढलेला माणूस तो. पण दुपारी आर्डिसच्या मुलाचा फोन आला होता. हा ड्वाइट, ग्रँड फोर्क्समध्ये राहणारा, उंचीला दारात न मावणारा आणि बोलायला लागला की फोनमध्ये न मावणारा.

"आई, दिवस मावळायच्या आत येतो मी. तुला घेऊन जातो. ट्रेलरपण जोडून नेतो."

"ट्रेलर कशाला?"

"कशाला म्हणजे? तिथे कोणीतरी बाबांच्या भट्टीचे स्क्रू काढत बसलंय म्हणालीस ना आत्ता. माझ्या शेडमध्ये नीट राहील तो. आणि या वयात बीटच्या ढिगावर कशाला जायचं म्हणतो मी, दरवर्षी?"

कोणीतरी! वसंतात चर्चच्या तळघरात आर्डिस-वेंडेलचं लग्न लागलं तेव्हा या ड्वाइटने अंड्याची सँडविचं खाल्ली होती, वेंडेलशी हातही मिळवला होता. नाव मात्र त्याच्या तोंडात अजून बसलं नव्हतं.

"भट्टी पेटली तर?" आर्डिसने विचारलं होतं.

"पेटली तर राहा. पण आई, बाबांनंतर ती कोणी पेटवणार आहे का?"

आर्डिसने त्यावर 'बरं, ये' म्हणून फोन ठेवला होता. वेंडेलला ते फार लागलं. तिने बाजू घ्यावी एवढीच त्याची अपेक्षा होती. एकदा शेडमध्ये गेलेला ट्रेलर परत बाहेर निघत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. हे बीटचे दिवस म्हणजे आर्डिसचा वर्षाचा सण. मैत्रिणी, कॉफी, ढिगावरची थट्टामस्करी. ते गेलं असतं, आणि कायमचं ठरून गेलं असतं की मायलो होता तोवर आर्डिसला ऊब होती, आणि मग हा आला.

मायलोला वेंडेल कधी भेटला नव्हता. त्याने वस्तू टांगायला ठोकलेल्या आकड्यांना मात्र रोज भेटत होता. ट्रेलरभर पितळी आकडे. कपांना आकडे, झाऱ्याला आकडा, बॅटरीला, छत्रीला, माश्या मारायच्या फटक्यालासुद्धा आकडा. सगळे एका ओळीत, एका उंचीवर, जणू पट्टी लावून ठोकलेले. मैदानातली माणसंही कमी नव्हती. "मायलो असता ना, ट्रान्सफॉर्मर त्यानेच नीट केला असता," शेजारची लव्हॉन सकाळी म्हणून गेली होती. वर वेंडेलच्या हातात गरम कॉफीचा थर्मास देऊन गेली, म्हणजे रागवायचीही सोय नाही.

सकाळी वेंडेलने भट्टीचं झाकण काढायला घेतलं तेव्हा स्क्रूंवर रंगाचा जाड थर होता. सुरीने कोरून कोरून तो काढावा लागला. त्याला वाटलं, काय माणूस! स्क्रू गंजू नयेत म्हणून वरून रंगसुद्धा देऊन ठेवला. मग बाहेर जाऊन त्याने धुराडं पाहिलं. कुंभारमाश्यांनी मातीचं घर करून ते बुजवलं होतं. ते त्याने तारेने उकरून काढलं, आत आरसा धरून बघितलं, तर नळी लख्ख. काजळीचा ठिपका नाही. वेंडेल त्या नळीकडे बघत थंडीत उभाच राहिला. स्वतःच्या गोठ्यातल्या हीटरचं धुराडं त्याने उभ्या आयुष्यात घासलं नव्हतं. या मनुष्याने भट्टीचं धुराडंदेखील घासून ठेवलं होतं. अशा माणसाच्या जागी आपण आलोय, म्हटल्यावर त्याची भूकच मेली.

बाकी तयारीत त्याने कसर ठेवली नव्हती. सिलिंडर नवा, रेग्युलेटर नवा, नळी नवी. हे सगळं त्याने निघण्याआधीच घेऊन ठेवलं होतं, कारण जुन्या रबराचा त्याला भरवसा नव्हता. वीज होती तोवर गॅसला हात लावायची वेळ आली नव्हती. आज जोडण्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का तेही पाहिलं. विषारी वायूची सूचना देणारी नवी डबी भिंतीवर लावली. ट्रेलरची बॅटरी गाडीवर चार्ज करून घेतली, कारण भट्टीचा पंखा तिच्यावर फिरतो.

आणि गंमत अशी की भट्टी पेटत नव्हती असंही नाही. बटण दाबून धरलं, झरोक्यातून लांब लायटर आत घातला की आतली छोटी ज्योत पेटायची. चांगली निळी. बटण दाबून ठेवायचं, ज्योतीने शेजारची तार तापू द्यायची, मग हात काढायचा. ज्योत टिकायची. मग वेंडेल टेबलाचा पाय धरून उठायचा, भिंतीवरचा थर्मोस्टॅट वर सरकवायचा, पंखा घूं करून सुरू व्हायचा, आत गॅस सुटायचा, भस्स करून मोठा जाळ लागायचा आणि त्याला आनंद व्हायच्या आत सगळं विझायचं. छोटी ज्योतसुद्धा. पंखा तेवढा गार हवा फेकत राहायचा.

मग पुन्हा सगळं बंद. दार उघडं टाकायचं, साठलेला गॅस निघून जाऊ द्यायचा, तोवर थंडी खायची. मग पुन्हा पालथं.

आता उन्हं बीटच्या ढिगाच्या टोकाला गेली होती.

"राहू दे ना, वेंडेल," आर्डिस दारातून म्हणाली. "जाऊ ड्वाइटकडे. त्याच्याकडे पाहुण्यांची खोली आहे."

"तुला जायचंय का?"

"मला तू जमिनीला चिकटलेला नकोयस. उद्या तुला उलथण्याने काढावं लागेल."

"तुला जायचंय का, आर्डिस?"

तिने मायलोच्या कोटाच्या खिशांत हात आणखी खोल घातले. "नाही," ती म्हणाली. "मुळीच नाही."

एवढं ऐकल्यावर वेंडेलला जरा जोर आला. तो उठला आणि त्याने गॅसची शेगडी पेटवून बघायचं ठरवलं. या शेगडीवर आर्डिस कधी काही शिजवत नसे, तिची विजेची छोटी शेगडी होती. काडी लावताच पहिला बर्नर नीट पेटला. आर्डिस दचकून दोन पावलं मागे सरली. त्याने दुसरा पेटवला, तर पहिल्याची ज्योत बसली. तिसरा पेटवला, तर तिन्ही ज्योती मान टाकून बसल्या, आजारी कोंबड्यांसारख्या.

"म्हणजे गॅस येतोय, पण पुरा येत नाही," तो म्हणाला. "सिलिंडर तर भरलेला आहे. मी पुरा उघडलाय. परत बघतो."

तो बाहेर गेला. सिलिंडरचा नळ बंद केला आणि सवयीने एका झटक्यात पार शेवटपर्यंत फिरवला.

"अरे हळू! गाई पेटल्यात का कुठे?" आर्डिस ओरडली. "काहीही उघडायचं म्हणजे तुझं असंच. लोणच्याची बरणी तशीच, दार तसंच. माझ्या आईच्या कपाटाची मूठ तुझ्या हातात आली होती, आठवतंय ना?"

"गोठ्यात चाळीस गाई ताटकळल्या की कोणी नळ गोंजारत बसत नाही!" वेंडेलही तडकला. आणि मग त्याने हातातल्या नळाकडे पाहिलं.

गोंजारणं. हेच काहीतरी नळी विकणारी ती दुकानातली मुलगी म्हणाली होती. नळ सावकाश उघडा काका, एकदम उघडलात तर नळीच्या तोंडाशी बसवलेल्या झडपेला वाटतं नळी फुटली, आणि ती गॅस अडवते, जेमतेम धार सोडते. वेंडेलने तेव्हा मान डोलावली होती आणि लक्ष होतं काउंटरवरच्या फुकटच्या डोनटकडे.

जेमतेम धार! छोट्या ज्योतीला ती पुरायची. मोठ्या जाळाला नाही. दिवसभर तो जितका जोर लावत होता तितकी ती झडप दाबून बसत होती.

"आर्डिस, मी गाढव आहे," तो म्हणाला.

"ते कळलं. भट्टीचं काय?"

त्याने सगळं बंद केलं. शेगडी, भट्टी, सिलिंडर. दार उघडं ठेवून दोघांनी पायरीवर बसून लव्हॉनच्या कॉफीचा उरलेला घोट वाटून घेतला. मग वेंडेल सिलिंडरपाशी गुडघ्यांवर बसला आणि त्याने नळ उघडला. म्हणजे एवढासा उघडला. थांबला. पुन्हा एवढासा. आयुष्यात त्याने काहीही इतक्या हळू उघडलं नव्हतं. हात शिवशिवत होते, पण त्याने ते आवरले. आत येऊन त्याने तिन्ही बर्नर पेटवले. तिन्ही ताठ उभे राहिले.

मग शेगडी विझवून तो पालथा पडला, बटण, लायटर, छोटी ज्योत. उठला. थर्मोस्टॅट वर सरकवला. पंखा घूं करायला लागला. भस्स.

तो श्वास रोखून उभा राहिला. जाळ विझला नाही. आतून एकसारखा घोगरा आवाज येत राहिला. खालच्या जाळीशी त्याने हात धरला, आणि हाताला लागली ती ऊब होती. तो बाकावर बसला आणि त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं.

"आर्डिस! आत ये! अगं ये, पेटली!"

ती आत आली, जाळीजवळ उकिडवी बसली, हात पुढे केले. आणि तेवढ्यात धूर यायला लागला.

जाळीतून निळसर, पातळ, घाणेरड्या जळक्या तेलाच्या वासाचा धूर. बघता बघता छताशी जमला. आगीची घंटा कर्कश केकाटायला लागली. आर्डिसने दार उघडलं, खिडक्या उघडल्या, टोपी न काढता टॉवेल हलवायला लागली. नेमका त्याच वेळी ड्वाइटचा ट्रक मैदानात शिरला. आईच्या ट्रेलरच्या खिडक्यांतून धूर निघतोय म्हटल्यावर तो ट्रक चालू ठेवूनच धावत सुटला.

"आई! बाहेर ये! वेंडेल, बंद करा ते! बंद करा म्हणतोय ना!"

नाव घेतलं, एवढं या गोंधळातही वेंडेलच्या लक्षात आलं. पण तो हलला नाही. भिंतीवरची विषारी वायूची डबी शांत होती, हिरवा दिवा लागलेला. त्याने नाक वर करून वास घेतला. पुन्हा घेतला. हा वास त्याच्या ओळखीचा होता. गोठ्याच्या दुधाच्या खोलीत नवाकोरा हीटर बसवला होता तेव्हा असाच सुटला होता. कारखान्यात पत्र्यावर तेल लावून पाठवतात. भट्टी पहिल्यांदा तापली की ते जळतं. थोडा वेळ धूर येतो आणि मग कधीच येत नाही.

"काही नाही, जाईल आत्ता," तो म्हणाला. "नव्या भट्टीचा धूर आहे हा. पहिल्यांदा पेटवली की येतो."

"पहिल्यांदा?" ड्वाइट दारात अडकल्यासारखा उभा होता. "मी सात वर्षांचा होतो हा ट्रेलर घेतला तेव्हा! बाबांनी..."

स्क्रूंवरचा रंग वेंडेलच्या डोळ्यांपुढे आला. ती लख्ख नळी आली. त्याने हळूच आर्डिसकडे पाहिलं. ड्वाइटनेही पाहिलं. घंटा एकदाची थांबली.

आर्डिस टॉवेलची घडी घालत होती. घातली, मोडली, परत घातली.

"बघू नका माझ्याकडे असे," ती म्हणाली. "नाही पेटवली कधी. मायलोने ही भट्टी एकदासुद्धा पेटवली नाही. झालं समाधान?"

"पण बाबा तर सगळं काही..."

"सगळं करायचा. विहिरीत उतरायचा, छपरावर चढायचा, मारक्या बैलाच्या अंगावर जायचा. पण लहानपणी त्याच्या डोळ्यांसमोर मावशीच्या कॅबिनमध्ये गॅसचा भडका उडाला होता. त्याच्या काकांच्या भुवया परत उगवल्याच नाहीत. गॅसपाशी काडी न्यायची म्हटलं की मायलोचं पाणी पाणी व्हायचं. हात असे थरथरायचे, की मलाच बघवायचं नाही. म्हणून विजेची शेगडी, विजेचा हीटर. आणि वीज गेली की कोट घालून झोपायचं."

ड्वाइट हळूहळू बाकावर टेकला. "ध्रुवावरचे शोधक," तो म्हणाला.

"काय?"

"बाबा म्हणायचे, आपण ध्रुवावरचे शोधक आहोत. शोधक टोपी घालून झोपतात. मी आणि आपली छोटी रोझेला रात्रभर टोप्या घालून... मला वाटायचं काय भारी खेळ आहे!" आणि तो हसायला लागला. मोठा माणूस, मोठं हसू. ट्रेलर हलला, आकड्यांवरचे कप वाजले. हसता हसता त्याने डोळे पुसले. "मला का नाही सांगितलंस, आई?"

"कशी सांगणार? तू त्याच्याकडे कसा बघायचास, आठवतं? आणि तो गेल्यावर सगळे त्याचेच गोडवे गात होते. मी मध्येच उठून काय सांगू, की माझा नवरा आगकाडीला भीत होता?" ती वेंडेलकडे वळली. "आणि तू दिवसभर त्याच्याशी शर्यत लावून पालथा पडला होतास. मला दिसत होतं रे. कितीदा तोंडावर आलं. पण तो मेलेला, त्याची बाजू मी नाही तर कोण सांभाळणार? रागावलास?"

वेंडेलला रागावायला हवं होतं. त्याने मनात चाचपून पाहिलं, राग काही सापडेना. उलट सकाळपासून मानेवर बसलेला कोणीतरी उठून गेल्यासारखं वाटत होतं. त्याने त्या ओळीने ठोकलेल्या आकड्यांकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्याला मायलो आवडला. थरथरत्या हातांचा एक माणूस, बायको गारठू नये म्हणून विजेचे हीटर विकत आणणारा.

"मीही भीत होतो," तो म्हणाला. "लायटर आत घालताना दर वेळी डोळे मिटत होतो मी."

"मला माहीत आहे," आर्डिस म्हणाली. "मी खिडकीतून बघत होते."

धूर विरला. त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. आर्डिसने शेगडीवर, चक्क गॅसवर, बटाटे-खिम्याची हॉटडिश गरम करायला ठेवली. काडी मात्र वेंडेलला ओढायला लावली. ड्वाइटने बाहेर जाऊन ट्रक बंद केला आणि ट्रेलर ओढून न्यायला आणलेला आकडा ट्रकमध्येच ठेवून तो परत आला. तो कपाटासमोर घुटमळला.

"वेंडेल," तो म्हणाला, "मला दाखवता का? कशी पेटवायची ते."

"आत्ता?"

"माझ्या शेडमध्ये पण गॅसचा हीटर आहे. शेजाऱ्याला बोलावतो मी तो पेटवायला." त्याचे कान लाल झाले. "दरवर्षी."

वेंडेलने भट्टी बंद केली.

"अरे, आत्ता कुठे ऊब आली होती!" आर्डिस किंचाळली. "बंद काय करताय? वेड लागलंय का दोघांना?"

पण ते दोघं तोवर जमिनीवर पालथे पडले होते, एक म्हातारा आणि एक अगडबंब, अर्धा ड्वाइट दाराबाहेर. "थांब जरा, गॅस जाऊ दे," वेंडेल सांगत होता. "घाई नाही. हं, आता दाब. दाबून धर. लायटर आत घाल. अजून. डोळे मिटले तरी चालतात."

ज्योत पेटली. ड्वाइटने डोळे उघडले आणि "अरेच्चा" म्हणाला. मग टेबलाच्या पायाला धरून दोघंही उठले, थर्मोस्टॅट सरकला, पंखा सुरू झाला, भस्स झालं आणि ते तसंच चालू राहिलं.

जेवणं सुरू झाली. काच ओलावली, बाहेरचं काही दिसेनासं झालं. ड्वाइट दुसऱ्यांदा वाढून घेत होता आणि ढिगावर माणसं कमी आहेत का, शनिवार-रविवार कोणी नवं घेतात का, असं काहीतरी विचारत होता. आर्डिसने मायलोचा कोट काढला. मग एक स्वेटर. मग दुसरा. मग टोपीला हात घातला आणि ती काढून दारापाशी मायलोच्या आकड्याला अडकवली. टोपीखाली केस चपटे झाले होते आणि गाल लाल झाले होते.

"वेंडेल," ती म्हणाली, "ती खिडकी उघड ना जरा. उकडतंय मला."